थंड तार

बुधवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी इराकमधल्या बसऱ्यातल्या एका गल्लीत सात टीव्ही मेले.

एकामागून एक नव्हे. एकदम. जणू कुणी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून फुंकर घातली.

ऊन असं होतं की सावलीत बांधलेलं गाढवसुद्धा आणखी गार सावली शोधत होतं. अबू दुरैद आपल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात, पुठ्ठा अंथरून, मेलेल्या टीव्हींच्या रांगेत स्वतःही मेल्यासारखा पडला होता. चाळीस वर्षं त्यानं लोकांचे टीव्ही उघडले होते. आता पाठ उघडायला तयार नव्हती.

फोन वाजला. पलीकडे त्याच गल्लीतली उम्म हातिम होती. तिला फोनची गरज नव्हती, नुसती ओरडली असती तरी चाललं असतं.

"ऊठ अबू दुरैद! गल्ली जळाली!"

"आग लागलीय?"

"आग नाही रे. टीव्ही. सात घरांतले."

"मग उद्या बघू."

"उद्या कुठला? लफ्ताला धरून मुख्ताराकडे नेलंय. म्हणतात, जनरेटर त्यानंच बिघडवला. उद्या मगरिबच्या नमाजानंतर बैठक. दोष ठरला तर परवा सकाळी बायकापोरांसकट गल्ली सोडायची."

अबू दुरैद उठून बसला. पाठीनं कुरकुर केली.

गल्लीला वीज देणारा जनरेटर लफ्ता चालवायचा. सहा वर्षांपूर्वी दलदलीतलं पाणी आटलं, म्हशी मेल्या, तेव्हा बायको आणि चार मुली घेऊन तो शहरात आला. कुणी खोली देईना. अबू दुरैदनं दुकानाच्या मागच्या अंगाला जुन्या टीव्हींच्या भिंती रचून दिल्या, आणि त्या भिंतींत लफ्तानं दोन महिने संसार केला. धाकटी मुलगी तिथेच बोलायला शिकली. गल्लीत असं सांगतात की तिचा पहिला शब्द 'फ्यूज' होता. सांगणाऱ्यानं थोडं मीठ लावलं असेल, पण फार नाही.

आता लफ्ता जनरेटरच्या शेडशेजारच्या खोलीत राहत होता. गल्लीतून काढलं तर त्याला जायला जागा नव्हती. दलदलीत अजून पाणी आलं नव्हतं.

अबू दुरैदनं खिसे चाचपले. मीटर होता, पकड होती. टेस्टर नव्हता. लाल मुठीचा, मुठीवर त्याच्याच दातांच्या खुणा असलेला टेस्टर. दोन्ही हात गुंतले की तो दातांत धरायची त्याला सवय होती. सोमवारी तर होता. चहाला बसलेल्यांपुढे त्यानं आपला नेहमीचा प्रयोग केला होता. टेस्टर एका तारेला लावला की दिवा लागतो, ती गरम तार, ती माणूस मारते. दुसरीला लावला की लागत नाही, ती थंड. "थंड तारेत काही नसतं, बिनधास्त धरा," हे वाक्य त्यानं आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे.

"वय झालं," तो स्वतःशी पुटपुटला आणि टेस्टरशिवाय निघाला.

* * *

जनरेटरची शेड मुख्ताराच्या, म्हणजे गल्लीच्या कारभाऱ्याच्या, घराच्या मागच्या भिंतीला टेकलेली. जनरेटरचा आवाज भिंत पार करून घरात शिरायचा, घरातून पुढच्या दारानं बाहेर पडायचा आणि पलीकडच्या गल्लीला सलाम करून परत यायचा.

मुख्तारानं लफ्ताला सोडून दिलं होतं. जनरेटर चालवायला दुसरं कुणी नव्हतंच. तो उलट्या डब्यावर बसला होता. समोर बर्फाची लादी वितळून तिचं तळं झालं होतं.

"तू कुठे होतास तेव्हा?"

"बर्फ आणायला. कारखान्यावर."

"किती वेळ?"

"वीस मिनिटं. पंचवीस."

"जनरेटर सोडून?"

"पोरी तापल्या होत्या, काका."

"परत आलास तेव्हा काय दिसलं?"

लफ्ता म्हणाला, "काही नाही. दिवे उडाले होते. मी जनरेटर बंद केला. पुन्हा चालू केला."

"मधे काय केलंस?"

"काही नाही."

"लफ्ता, माझ्याकडे बघ."

त्यानं बघितलं. अबू दुरैदला ती नजर कळली नाही. भीती नव्हती तिच्यात. उलट असं वाटलं की लफ्तालाच त्याची कीव येतेय.

"काका, जाऊ दे. आम्ही जाऊ कुठेतरी. तू दमू नकोस."

अबू दुरैद वळला आणि फळ्यासमोर उभा राहिला. जनरेटरमधून तीन गरम तारा निघून या फळ्यावर येत. लफ्तानं त्यांना रंगीत चिकटपट्ट्या लावल्या होत्या: लाल, पिवळी, निळी. घरं या तीन ओळींवर वाटलेली. आणि खाली एकच जाड थंड तार, सगळ्यांची सामाईक, हातानं फिरवायच्या कानवाल्या नटखाली आवळलेली.

त्यानं जनरेटर दोन मिनिटं थांबवायला सांगितलं आणि तो नट सोडला. तारेचं टोक स्वच्छ. वितळलेलं रबर नाही, जुनी काजळी नाही. एका कडेला फक्त तांदळाएवढा ताजा काळा खड्डा.

"हं," तो म्हणाला.

अबू दुरैदचा 'हं' गल्लीत ओळखीचा होता. टीव्ही दुरुस्त होण्यासारखा असला की तो 'हं' म्हणायचा. नसला की चहा मागवायचा.

* * *

समोरच्या गच्चीवर हनून होता. कबुतरं उडवणारा. त्या गल्लीत चोराची साक्ष ऐकून घेतात, दारुड्याची शुद्धीवर आल्यावर ऐकतात, पण कबुतरबाजाची नाही. जो दिवसभर आभाळाकडे बघून शिट्ट्या मारतो आणि शेजाऱ्याचं पाखरू आपलं म्हणून शपथ घेतो, त्याच्या शपथेला कोण विचारतो? हे आजोबापणजोबांपासून चालत आलेलं, आणि हनूनलाही ते मान्य होतं.

"अबू दुरैद!" त्यानं कठड्यावरून वाकून हाक मारली. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "मी पाहिलंय. शेडमधे कोण शिरलं ते. सांगू?"

"खबरदार!"

"का रे?"

"तू ज्याचं नाव घेशील तो बैठकीत निर्दोष ठरेल. मी उद्या दुसऱ्या वाटेनं जरी तेच नाव आणलं, तरी लोक म्हणतील कबुतरवाल्यानं शिकवलं. तोंड शिवून टाक."

"बरं बाबा. तुझ्याच भल्याचं आहे." हनून डोळा मिचकावून म्हणाला. "मी कुणाला सांगणार नाही. आपली जुनी ओळख."

"तू नको बोलूस. तुझी पाखरं काय करत होती ते सांग."

"पाखरं? पाणी पीत होती. शेडमागच्या गच्चीवर एसीची नळी ठिबकते ना, तिथे. या उन्हात त्यांना ते पाणी गोड लागतं."

"मग?"

"मग नळी थांबली. पाखरं वैतागून उठली. मी शिट्टी मारायला तोंडात बोटं घातली, तेवढ्यात गल्लीभर फट्फट् दिवे फुटले. सगळी पाखरं थेट नदीपार. दोन अजून आली नाहीत."

"आधी नळी थांबली, की आधी दिवे फुटले?"

"आधी नळी. मधे एक सिगारेट होईल एवढा वेळ."

"हं," अबू दुरैद म्हणाला आणि त्यानं गच्चीकडे बघून डोळे मिटले. ऊन डोळ्यांत खुपत होतं.

* * *

उम्म हातिमचा टीव्ही जळाला नव्हता. याचं तिला थोडं वाईटच वाटत होतं. सगळ्या गल्लीला रडायला कारण मिळालं आणि ती कोरडीच राहिली.

"तुझ्याकडे काय झालं?"

"माझ्याकडे? पंखा मेलेल्या म्हशीसारखा झाला. बल्ब बघ, विडीच्या टोकाएवढा लाल. टीव्हीतली बाई बातम्या सांगता सांगता आकसून एवढीशी झाली. मला वाटलं, हिला पण ऊन लागलं."

"तू कुठल्या ओळीवर?"

"लाल पट्टी. का?"

"आणि ज्यांचे जळाले?"

"तुला ठाऊक नाही? सगळे निळ्या पट्टीवाले. आठही घरं. सात आणि मुख्तार. मुख्तारानं आत्ताच निरोप पाठवला, त्याचाही गेला म्हणे. म्हणून तर चिडलाय."

"लोक काय म्हणतात?"

"लफ्तानं जनरेटर जोरात पळवला. वीज जास्त झाली."

अबू दुरैदनं पाण्याचा पेला संपवला. खारट, कोमट. "वीज सगळ्यांना जास्त झाली असती तर तुझी बाई आकसली कशाला असती?"

 

* * *

मुख्तार हाजी मनशद याच्या शिक्क्याशिवाय त्या गल्लीत कुणी जन्मतही नव्हतं आणि मरतही नव्हतं. निदान कागदावर तरी. उंच माणूस, पण गेल्या उन्हाळ्यापासून वाकला होता. डोळ्यांखाली काळ्या पिशव्या. डोक्यावर रुमाल आणि काळी दोरी, हातात जपमाळ. आज माळ डाव्या हातात होती, उजवा हात बाहीत.

"हाजी, तुमचाही गेला म्हणे?"

"गेला. हातगाडीवरून दुकानात पाठवलाय. बघितला नाहीस?"

"मी इकडेच होतो. हाताला काय झालं?"

"चहाची किटली. अबू दुरैद, या माणसाला काढायला हवा. आज टीव्ही गेले, उद्या एखादं पोर जाईल. जनरेटरचा मालक म्हणतो, माणूस नसेल तर मी जनरेटर उचलून नेतो. नेऊ दे! दुसरीकडून व्यवस्था करू."

"ऑगस्टमधे?"

 भिंतीपलीकडून जनरेटर घुरघुरत होता. चहाच्या पेल्यातला चमचा स्वतःहून किणकिणत होता.

अबू दुरैदची नजर भिंतीशी असलेल्या लांब मेजावर गेली. भरतकाम केलेलं कापड घडी करून बाजूला ठेवलेलं. मेजावर धुळीची पातळ साय. तिच्यात दोन स्वच्छ, बारीक पट्ट्या, एकमेकींपासून दोन हात अंतरावर.

"टीव्ही इथे होता?"

"इथेच."

"हं. नाही, नाही, चहा नको, हाजी. निघतो. पाठ."

* * *

गुरुवारी सकाळपासून दुपार टळेपर्यंत त्यानं आठही टीव्ही उघडले. पंखा होता, पण तो गरम हवा एकीकडून उचलून दुसरीकडे ठेवत होता, एवढंच.

पहिला. मागचं झाकण काढताच जळका वास. वीज जिथून आत येते तिथे एक वाटाण्याएवढी निळी टिकली असते. वीज बेताबाहेर वाढली की ही टिकली स्वतः फुटते आणि पुढच्यांना वाचवायला बघते. ती फुटून राख झाली होती. फ्यूजची काच आतून आरशासारखी काळी. मोठा कंडेन्सर डोक्यावर फुगलेला, भट्टीतल्या समून पावासारखा.

दुसरा, तसाच. तिसरा. चौथ्याची टिकली उडून झाकणाला चिकटली होती. सातही एकाच आजाराचे, एकाच घटकेला मेलेले. सातही वाचण्यासारखे.

आठवा मुख्ताराचा. काचेचा जाड पडदा, मागे भलं मोठं पोट, जुन्या काळचा, उचलताना दोन माणसं लागणारा. अबू दुरैदनं झाकण काढलं आणि हातातली कुंचली खाली ठेवली.

टिकली अख्खी होती, निळीशार. फ्यूज गेलेला, पण काच स्वच्छ, आत फक्त तुटलेला केस. आणि त्या फ्यूजपासून बाजूच्या तारेपर्यंत कोळ्यानं जाळं विणलं होतं. जाळ्यात एक माशी होती. इतकी वाळलेली की श्वास लागला तर भुगा व्हावी.

 त्यानं ते झाकण हलकेच पुन्हा बसवलं, फुंकरही न मारता.

त्याला आनंद झाला नाही. त्याला फक्त झोप आली.

* * *

बैठक मुख्ताराच्याच खोलीत भरली. म्हातारी मंडळी भिंतीला टेकून, सात घरांचे सात जण, दाराशी उम्म हातिम. तिला आत बोलावलं नव्हतं आणि बाहेर काढायची कुणाची हिंमत नव्हती. लफ्ता मधोमध बसला होता. त्याच्या बायकोनं भांडी बांधायला सुरुवात केली होती. गाठोडी दारातून दिसत होती.

"लफ्ता दोषी आहे," मुख्तार म्हणाला. "त्यानं स्वतः एकही शब्द नाकारलेला नाही."

"एक विचारू?" अबू दुरैद भिंतीचा आधार घेत उठला. "लफ्ता, बुधवारी शेडमधे परत आलास तेव्हा थंड तार कुठे होती?"

लफ्तानं मान खाली घातली.

"लोंबकळत होती ना? तू ती जागेवर लावलीस. आणि तारेबरोबर आणखी काहीतरी सापडलं. ते तू लपवलंस. काय सापडलं?"

"काका, नको."

"दाखव."

"काका, मी जातोय ना? मग कशाला?"

"लफ्ता!"

लफ्ताच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं कमरेच्या घडीतून एक वस्तू काढली आणि चटईवर ठेवली. लाल मुठीचा टेस्टर. मुठीवर दातांच्या खुणा.

 तो टेस्टर कुणाचा हे गल्लीतल्या तान्ह्या मुलालाही ठाऊक होतं.

"हा तर तुझा," एक म्हातारा म्हणाला.

"माझा," अबू दुरैद म्हणाला.  आत्ता त्याला लफ्ताची शेडमधली ती नजर कळली. या माणसाला वाटलं होतं की तार अबू दुरैदनं काढली. आणि म्हणून तो गप्प बसला होता, चार मुलींना घेऊन उन्हात निघायला तयार.

"वा!" मुख्तार म्हणाला. "दुरुस्त करणाऱ्यानंच बिघडवलं म्हणायचं. धंद्याला बरं."

"दम धरा, हाजी. मीही दमलोय, तुम्हीही दमलात. लवकर संपवू." तो पुन्हा खाली बसला. "आधी हे समजून घ्या. तीन गल्ल्यांचं सांडपाणी एकाच नाल्यातून जातं. नाला बुजवला तर पाणी थांबतं का? नाही. जे घर सखल, त्याच्या अंगणात शिरतं. गरम तारा तीन, परतीची थंड तार एक. ती काढली की वीज थांबत नाही, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत घुसते. जिथे भार जास्त, तिथे वीज उपाशी. उम्म हातिमचा पंखा मेला. जिथे भार कमी, तिथे सगळा लोंढा. निळ्या ओळीवर आठच घरं, आणि एसी एकच. सात घरांच्या टिकल्या फुटल्या. जनरेटर पळवला असता तर तिन्ही ओळी सारख्या जळाल्या असत्या. तेव्हा लफ्ताचा तो दोष नाही."

"तार आपोआप सुटली असेल," कुणीतरी म्हणालं.

"सैल होत होत सुटली असती तर टोक तापून काळं झालं असतं, रबर वितळलं असतं. टोक स्वच्छ आहे. एकच ठिणगीचा खड्डा. कुणीतरी हातानं नट फिरवून ती उचलली. ज्याला ठाऊक होतं की थंड तार मारत नाही, पण ती काढल्यावर काय होतं ते ठाऊक नव्हतं. वीजवाल्यानं असं केलं नसतं. मी केलं नसतं. ठिणगी उडाली, बोट भाजलं, टेस्टर पडला, तो पळाला."

मुख्ताराची माळ थांबली.

"आता त्या माणसाचा स्वभाव बघा. भित्रा. तारेला हात लावायच्या आधी त्यानं स्वतःच्या घरातलं मुख्य बटण खाली केलं. वाटलं, आता आपण सुरक्षित. शेडमधल्या तारेला त्यानं काहीच फरक पडत नाही, पण भित्र्याला कोण सांगणार? त्याच्या गच्चीवरची एसीची नळी ठिबकायची थांबली. पाणी पिणारी पाखरं उडाली. मग दिवे फुटले."

"हे हनून म्हणाला?" मुख्तारानं विचारलं. "कबुतरबाजाची साक्ष?"

"हनूनची नाही. कबुतरांची. त्यांच्याबद्दल वाडवडिलांनी काही सांगितलेलं नाही." दोघे-तिघे हसले, मग हसू गिळलं. "पण त्यांचीही सोडा. घरातलं बटण खाली असलं की त्या घरातलं काही जळत नाही. म्हणजे मला जळालेला टीव्ही शोधायचाच नव्हता, हाजी. मला न जळालेला शोधायचा होता. निळ्या ओळीवर आठ घरं. सात टीव्ही जळाले. आठवा..."

त्यानं दाराकडे बोट केलं. हातगाडीवर तो पोटाळ टीव्ही उभा होता. अबू दुरैदनं मागचं झाकण काढून ठेवलं होतं.

"एकेकानं जाऊन बघा. श्वास रोखून. फ्यूजवर जाळं आहे, जाळ्यात माशी आहे. एका दिवसात कोळी एवढं विणत नाही आणि माशी एवढी वाळत नाही. हा टीव्ही दोन वर्षांपूर्वी मेलाय. आणि त्या मेजावर बघा. धुळीत दोन बारीक पट्ट्या आहेत. त्या सपाट टीव्हीच्या पायांच्या. या पोटाचा चौकोन तिथे कुठाय?"

कुणी गाडीकडे गेलं नाही. सगळे मेजाकडे बघत होते. उम्म हातिम मात्र पडदा सारून सरळ आत गेली. आतून बायकांचा गोंधळ ऐकू आला, मग तिचा आवाज. "गादीखाली आहे! दुलईत गुंडाळलाय, बाळंतिणीसारखा!"

"टेस्टर सोमवारी माझ्या टेबलावर होता," अबू दुरैद हळूच म्हणाला. "चहा झाला, सगळे उठले, तुम्ही बसून राहिलात. मला पुन्हा विचारलंत, नक्की कुठली तार मारत नाही? मी म्हटलं, थंड तारेत काही नसतं, बिनधास्त धरा. ते मला आत्ता आठवलं. हा टेस्टर बघून."

 भिंतीपलीकडे जनरेटर घुरघुरत होता.

"एक तास," मुख्तार शेवटी म्हणाला. "एक तास झोपायचं होतं मला. तीन उन्हाळे झाले. हे धूड इथे ठेवायला मीच परवानगी दिली. आता हलवा म्हणायला कुठलं तोंड? लोक म्हणाले असते, मुख्ताराला झोप प्यारी. वाटलं, ती तार सैल करावी, जनरेटर आपोआप थांबेल, लफ्ता शोधत बसेल, तेवढ्यात डोळा लागेल."

"तेवढ्यावर थांबायचं होतं, हाजी. नंतर लफ्ता गेला तर जनरेटरही जाईल, हा हिशेब का केलात?"

मुख्तारानं बाहीतून उजवा हात काढला. अंगठ्यावर पांढरा फोड होता. त्याच हातानं त्यानं डोक्यावरची काळी दोरी उतरवली आणि लफ्तापुढे चटईवर ठेवली. त्या गल्लीत दोरी उतरवलेल्या माणसाला पुढे काही विचारत नाहीत.

लफ्तानं ती उचलली, झटकली आणि त्याच्या हातात परत दिली. "झोपा हाजी. मी उद्यापासून दुपारी एक तास बंद ठेवतो. गल्ली परवानगी देत असेल तर."

गल्ली काय बोलणार? गल्लीलाही झोप हवी होती. जनरेटर पलीकडच्या रिकाम्या जागेत हलवायचं ठरलं. मुख्तारानं पहिला हात लावायचा, हेही ठरलं. गाठोडी सुटली. भांड्यांचा आवाज आला, आणि धाकट्या मुलीचं हसणं.

* * *

लफ्ता दुकानापर्यंत टेस्टर घेऊन आला. दाराशी थांबला.

"तुला मी असा वाटलो?" अबू दुरैदनं विचारलं.

"वाटला नाहीस. पण टेस्टर तुझा होता. म्हटलं, म्हातारा दमलाय, चुकला असेल."

"आणि तू पोरींना घेऊन निघणार होतास?"

"तुझ्या टीव्हींच्या भिंतींत दोन महिने राहिलो, काका." एवढंच बोलून तो जनरेटरकडे गेला. डिझेल भरायची वेळ झाली होती.

अबू दुरैद स्टुलावर बसला. समोर सात टीव्ही. कठड्यावरून हनूनची शिट्टी आली. एक हरवलेलं पाखरू परतलं होतं.

"हनून!" त्यानं हाक मारली. "आता बोल. शेडमधे कोण दिसलं होतं तुला?"

"आता काय उपयोग? ठरलं ना सगळं."

"बोल तर."

हनूननं मान खाजवली. "रागावू नकोस. वरून पाठ दिसली फक्त. वाकलेली. हातात लाल टेस्टर. मी छातीवर हात ठेवून शपथ घेतली असती की तो तू होतास."

 अबू दुरैदनं टेस्टर दातांत धरला, पहिला टीव्ही जवळ ओढला आणि फुटलेली निळी टिकली उपटायला सुरुवात केली.